फडकं आणि पिवळी रेघ

आमच्या पिढीला म्हातारपण पहिल्यांदा दिसलं ते वाड्यातल्या मागच्या दोरीवर. वाळत घातलेल्या फडक्यांवरूनच कळायचं, कोणाकडे कोण अंथरुणाला खिळलंय. नऊवारी लुगडं विरलं की काकू दाताने किनार तोडायची आणि फर्रकन उभं फाडायची. खाली मेणकापड, त्यावर लुगड्याची चौपदरी घडी, तीवर आजी. उरलेल्या तुकड्यांचे धाकट्या भावाचे लंगोट. घरातलं सर्वांत लहान आणि सर्वांत मोठं माणूस एकाच लुगड्यावर निजायचं.

आता आईसाठी पाकीट येतं. औषधवाला ते न विचारता काळ्या पिशवीत घालतो.

एकदा उत्सुकतेपोटी त्यातला एक डायपर मोरीत बसून उसवला. कापसासारख्या लगद्यात रवाळ पांढरी पावडर. ती ताटलीत काढून वर पाणी ओतलं, तर बघता बघता खळीसारखा गोळा झाला. ताटली उपडी केली तरी थेंब पडेना. मग खोडसाळपणे चमचाभर मीठ भुरभुरलं, तर गोळ्याला पाणी सुटलं! साधं पाणी आपल्या वजनाच्या काही शे पट पिणारी ही पावडर लघवीतल्या क्षारांपुढे तीस-चाळीस पटींवर येते. खाल्ल्या मिठाला जागणं तिच्या रक्तात नाही. तशी ती मूळची शेतकरी घरातली : १९६०च्या दशकात अमेरिकेच्या शेतीखात्याने जमिनीत ओल टिकावी म्हणून असल्या पदार्थांवर काम सुरू केलं होतं.

लुगडं पाणी झटकन प्यायचं, पण अंगाचा भार पडला की तितक्याच झटकन परत द्यायचं. ही पावडर दाबली तरी सोडत नाही, पण प्यायला वेळ घेते. शिवाय आधी फुगलेले कण मागच्यांची वाट अडवतात. बाळाचा डायपर नुसता मोठा कापून भागत नाही तो इथेच. मोठ्या माणसाची लघवी एका वेळी पाव ते अर्धा लिटर, आणि वर पन्नास-साठ किलोंचं वजन. म्हणून पावडरीच्या वर एक फुगीर थर देतात. आलेल्याला आधी ओसरीवर बसवायचं, मग सावकाश माजघरात घ्यायचं. मांडीचं इलॅस्टिक सैल पडलं तर गळतं, आवळलं तर सुरकुतलेल्या कातडीवर वळ उठतात. बाहेरच्या प्लास्टिकमध्ये खडूची पूड मिसळून ते ताणतात, त्याला बारीक छिद्रं पडतात. वाफ जाते, पाणी अडतं.

मेणकापडातून काहीच जात नसे. आजीची पाठ त्यावर शिजली. शेवटी शेवटी जखमेत बोट जाईल एवढा खड्डा होता, आणि आम्ही मुलं त्या खोलीत नाक धरून जायचो. तेव्हा ‘जुन्या सुती कपड्याची माया’ वगैरे लिहायला घेतलं की माझाच हात अडखळतो. ती माया पहाटे थंड पाण्यात कोण पिळत होतं? काकू. वाड्यातल्या एकाही पुरुषाने फडकं पिळल्याचं मला आठवत नाही.

आज आईचं सगळं मी करतो. आधी डायपरच्या खालच्या टेपा, मग वरच्या. पाचव्या दिवशी जमलं. वापरलेला डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक बाईंना आत काय ते कळतं. काकूच्या हातून सुटलेलं काम संपलं नाही, त्या बाईंच्या हाती गेलं.

पण डायपरवरची ती पिवळी रेघ! ओल लागली की ती निळी होते. पूर्वी ओल कळायला अंगाखाली हात घालावा लागे, आजीला कुशीवर वळवावं लागे. तेवढ्यात ती विचारून घ्यायची, दूध आलं का, कोण आलं होतं, बाहेर पाऊस आहे का. आता मी पांघरुणाचं टोक उचलतो, रेघ पिवळी दिसली की दारातल्या दारात परततो. आई जागी असते. हे माझ्या लक्षात यायला फार दिवस गेले.

तिच्या कपाटात मऊ पातळांच्या तुकड्यांचं एक गाठोडं आहे. ‘माझ्या वेळेला लागतील’ म्हणून तिनेच वर्षानुवर्षं जमवलेलं. टेपा लावून झाल्या की ती हात मागे नेऊन चाचपते आणि म्हणते, “खाली एक फडकं घाल रे.” गरज नसते. मी तिला कुशीवर वळवतो आणि घालतो.

“पाऊस आहे का बाहेर?” ती विचारते.