हळू सुटणारा किनारा

आम्हा खानदेशी माणसांचा आणि समुद्राचा तसा काही संबंध नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मध्ये केळीच्या बागा, एवढ्यात फैजपूरच्या माणसाचे आयुष्य निघून जाते. पाणी म्हणजे विहिरीचे नाहीतर ट्यूबवेलचे, आणि ते यंदा किती फुटांनी खाली गेले याची काळजी. त्यामुळे सत्तरी ओलांडल्यावर मी क्रूझच्या जहाजात बसून आले, असे सांगितले की गल्लीतल्या बायका आधी माझ्याकडे आणि मग ह्यांच्याकडे बघतात. पुढचा प्रश्न ठरलेला, “मग गोवा कसा वाटला?” गोवा छानच आहे. पण मंडळी, खरे सांगू का, त्या सगळ्या सहलीत माझ्या मनात घर करून राहिले ते पहिल्या दिवसाचे दोन तास. जहाज मुंबई बंदरातून बाहेर पडतानाचे. आज त्याबद्दलच लिहायचे आहे.

आमच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली म्हणून पुण्याच्या मुलाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ही तिकिटे काढून दिली. जहाज कॉर्डेलिया कंपनीचे, ‘एम्प्रेस’ नावाचे, चांगले अकरा मजली. तिकिटांबरोबर त्याने आणखी एक गोष्ट हातात ठेवली होती, ती म्हणजे एक प्रश्न. “आई, आता फैजपूरचे घर विकून टाका आणि इकडेच या. दोन महिन्यांत सगळे उरकू.” तो प्रेमानेच म्हणत होता. ह्यांच्या गुडघ्यांचे दुखणे, माझे रक्तदाबाचे, रात्रीबेरात्री काही झाले तर जळगावपर्यंत धावायचे. त्याचे म्हणणे खोडून काढता येत नव्हते आणि हो म्हणायला तोंड उघडत नव्हते. अशा मनाने आम्ही निघालो.

रात्री भुसावळला पंजाब मेल पकडली. ही गाडी आमच्या ओळखीची, पण तिची जन्मकथा मला ठाऊक होती म्हणून त्या रात्री गंमत वाटली. १ जून १९१२ रोजी ही गाडी पहिल्यांदा सुटली ती मुंबईच्या बॅलार्ड पिअरहून. विलायतेहून बोटीने आलेले साहेब आणि टपाल धक्क्यावरच गाडीत चढायचे आणि भुसावळ, इटारसी, दिल्ली, लाहोर करत थेट पेशावरला जायचे. म्हणजे समुद्राचा आणि आपला संबंध नाही असे मी वर म्हटले ते तितकेसे खरे नाही. बोटीतून उतरलेला माणूस आमच्या भुसावळवरून जात होता. आम्ही त्याच रस्त्याने उलटे, बोटीकडे निघालो होतो.

जहाज लागते तेही बॅलार्ड पिअरलाच, ग्रीन गेटच्या आत. शेजारची बॅलार्ड इस्टेट म्हणजे अलेक्झांड्रा गोदी (आताची इंदिरा गोदी) खोदताना निघालेल्या मातीने समुद्र बुजवून केलेली जमीन. तिथल्या एकसारख्या दगडी इमारतींची आखणी जॉर्ज विटेट यांची, ज्यांनी गेटवे ऑफ इंडिया बांधले तेच. या मुंबई बंदरातूनच १८८८ मध्ये अठरा वर्षांचे गांधीजी शिकायला गेले, १८९३ मध्ये विवेकानंद अमेरिकेला निघाले, १९०६ मध्ये सावरकर. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी डॉ. आंबेडकर आणि गांधीजी दोघेही, वेगवेगळ्या बोटींनी. पुढे पाचच वर्षांनी, डिसेंबर १९३६ मध्ये, गांधीजी आमच्या फैजपूरच्या अधिवेशनाला आले. खेड्यात भरलेले काँग्रेसचे ते पहिले अधिवेशन. शिक्षिकेची खोड आहे, सनावळी सुटत नाही. असो.

त्या काळी धक्क्यावर माणसांची दाटी असे. हार, नारळ, रुमाल, रडारड. आता गोदीत प्रवाशांखेरीज कोणाला सोडत नाहीत. सामान तपासून घेतले, एक ओळखपत्र गळ्यात पडले, संकटकाळी कुठे जमायचे त्याची सूचना झाली. निरोप द्यायला धक्क्यावर होती ती फक्त दोर सोडणारी माणसे. मांडीएवढे जाड दोरखंड त्यांनी खुंटांवरून काढले, ते पाण्यात धप्पकन पडले आणि वर ओढले गेले. टगबोटींनी आमच्या धुडाला ओढून तोंड फिरवून दिले. कसलाही धक्का नाही, हिसका नाही. जहाज हलले हे मला कळले ते जहाज आणि भिंत यांच्यामध्ये पाण्याची एक हातभर पट्टी दिसली तेव्हा. बघता बघता ती वावभर झाली, मग पोहून जाता येणार नाही एवढी.

तरुण मंडळी वरच्या डेकवर तळ्याभोवती गाण्यांवर नाचत होती. आम्ही दोघे उजव्या बाजूच्या कठड्याशी उभे राहिलो. आधी नौदलाची राखाडी जहाजे. मग राजाबाई टॉवरचे टोक, ताजचा लाल घुमट, आणि त्याच्यापुढे गेटवे. गेटवेच्या चौकात मी चार-पाच वेळा शाळेच्या सहली घेऊन उभी राहिले आहे. पण त्याचे तोंड समुद्राकडे आहे, ते येणाऱ्यासाठी बांधले आहे, हे कठड्यावरून बघताना जसे समजते तसे चौकात उभे राहून समजत नाही. राजा पंचम जॉर्ज १९११ मध्ये आले त्याची ही आठवण, पण इमारत खुली झाली ती १९२४ मध्ये. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिशांची शेवटची पलटण याच कमानीतून बाहेर पडून बोटीत बसली. स्वागताची कमान चोवीस वर्षांत निरोपाची झाली! त्या सैनिकांना जाताना ती जशी दिसली असेल, तशी ती आम्हाला दिसत होती.

मुंबईचा सूर्यास्त म्हटले की आपल्याला चौपाटी आठवते. बंदर मात्र शहराच्या पूर्वेला. त्यामुळे इथे सूर्य समुद्रात बुडत नाही, शहराच्या मागे बुडतो. इमारती आधी पिवळ्या, मग तांबूस, मग नुसत्या काळ्या आकृत्या झाल्या. मांडव्याकडून परतणाऱ्या एका लाँचमधल्या लोकांनी आम्हाला हात केले. ओळख ना पाळख, पण आम्हीही जोरजोरात हात हलवले. निरोप द्यायला शेवटी कोणीतरी भेटले म्हणायचे.

मग ह्यांनी मला डाव्या बाजूला ओढत नेले. घारापुरीचे डोंगर, तेलाच्या जहाजांचे जवाहर द्वीप, मागे उत्तरेला महिन्यापूर्वीच खुला झालेल्या अटल सेतूची बारीक रेघ, आणि त्यांच्यापलीकडे धुरकट उजेडात माना वर काढून उभ्या असलेल्या क्रेन. न्हावा-शेवा. हे एकदम म्हणाले, “अवं, आपली केयं इथूनच जातात ना वं?” (आमच्याकडे केळ्याला केयं म्हणतात, हे परक्या वाचकांसाठी.)

इथूनच जातात. १९८९ मध्ये हे बंदर सुरू झाले. आमच्या रावेर-यावलची केळी थंड कंटेनरमध्ये, तेरा-चौदा अंशांवर झोपवून, न्हावा-शेव्याहून आखाती देशांत जातात. जास्त गार केली तर साल काळी पडते, उबेत ठेवली तर वाटेतच पिकतात. त्याच्या आधीचे म्हणाल तर कापूस. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी चालली तेव्हा तिकडचा कापूस विलायतेला मिळेना, म्हणून खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि गाठीच्या गाठी याच पाण्यावरून गेल्या. ह्यांनी पन्नास वर्षे घड कापून ट्रकमध्ये भरले. ट्रक गेला की त्यांच्या लेखी माल गेला. तो कुठून जातो ती जागा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. बराच वेळ काही बोलले नाहीत.

मी शाळेत मराठीबरोबर भूगोलही शिकवला. “मुंबई हे नैसर्गिक बंदर आहे” हे वाक्य मी किती वर्गांकडून घोकून घेतले असेल याला गणती नाही. एका बाजूला मुंबईचे लांबट बेट, दुसऱ्या बाजूला मुख्य भूमी, म्हणून आतले पाणी शांत. त्या दिवशी ते पायांना कळले. कुलाब्याचे टोक मागे पडेपर्यंत हातातल्या चहाचा थेंब सांडला नव्हता. प्राँग्जचे दीपगृह, १८७५ चे, उजवीकडे मागे पडले, आणि पायाखालची जमीन अगदी हलकेच, पाळण्यासारखी, वर आली आणि खाली गेली. जमिनीची कूस संपली होती. तिकडे दक्षिणेला खांदेरीच्या बाजूला दिवा लुकलुकत होता.

दिवेलागणीच्या त्या वेळी एक लहानशी बोट आमच्या जहाजाला येऊन बिलगली. जहाजाच्या अंगाला दोरीची शिडी लोंबत होती. एक माणूस ती शिडी उतरला, शेवटच्या पायरीवर क्षणभर थांबला आणि लाटेने बोट वर उचलली तसे त्याने तिच्यात पाऊल टाकले. शेजारच्या कर्मचाऱ्याने सांगितले, हा बंदराचा पायलट. बंदरातले उथळ-खोल त्याला पाठ असते. कप्तान कितीही जुना असो, बंदरातून जहाज याच्याच सांगण्याने बाहेर निघते. उघडा समुद्र आला की याचे काम संपते. जहाज पुढे जाते, हा घरी जातो.

ती बोट मुंबईकडे परत जाताना मी दिसेनाशी होईपर्यंत पाहिली. पस्तीस वर्षे मी दुसरे काय केले? दरवर्षी एक वर्ग कुलाब्याच्या टोकापर्यंत न्यायचा आणि शिडी उतरून पुन्हा पाचवीच्या वर्गात जायचे. मुले पुणे, मुंबई, दुबई, अमेरिका करत गेली. गावात मागे राहिल्याची खंत मला लोक विचारतात. पायलट परततो त्याला मागे राहिला असे कोणी म्हणत नाही, एवढे मला त्या संध्याकाळी वाटले.

आमची मुलगी अमेरिकेला गेली तेव्हा विमानतळावर काचेच्या दारातून ती आत शिरली, तिची पाठ आणि निळी बॅग दिसली, आणि संपले. मी काचेला हात लावून उभी होते, पण पलीकडे ती नव्हतीच. विमान वर जाते तेव्हा शहर एका मिनिटात नकाशा होऊन जाते. जहाज तसे करत नाही. घर, मग रस्ता, मग शिखर, मग दिवा, मग नुसता उजेड, असे एकेक सोडत नेते. सोडून जायचे तेच असते, पण प्रत्येक गोष्टीकडे एकदा नीट बघायला वेळ मिळतो.

रात्री केबिनमध्ये हे म्हणाले, “दोन महिन्यांत नाही जमणार. पण नाहीच म्हणू नको त्याला.” परत आल्यावर मुलाला तसे सांगितले. पहिल्या वर्षी आम्ही पुण्याला तीन महिने राहिलो, यंदा पाच. शेत पुतण्याला बटाईने दिले आहे. माझी पुस्तके एकेक खोके करून गावातल्या मुलांकडे चालली आहेत, पितळी भांड्यांतली मोठी पातेली धाकट्या जाऊबाईंकडे गेली. घर अजून आहे. पुण्यात बसून हे पुतण्याला फोन करतात, “लाइट आली का? मोटर चालू केली का?”

निघायच्या दिवशी कुलूप लावून झाले तरी हे फाटकाशी उभे राहून घराकडे बघत राहतात. रिक्षावाला हॉर्न वाजवतो. मी त्याला म्हणते, थांब रे बाबा जरा, गाडीला वेळ आहे.