कोणाला सांगू नका

गोष्ट मोठी नाही. पण ती सांगताना मला जो संकोच वाटतो तो मोठा आहे. तीस वर्षे सरकारी नोकरीत काढलेल्या माणसाने, ज्याच्या सहीने शेकडो लोकांच्या घरी नोटिसा गेल्या आहेत अशा माणसाने, एका खोट्या नोटिशीला भ्यावे, हे कोणत्या तोंडाने सांगावे? तरीही सांगायचे ठरवले आहे. का, ते शेवटी येईलच.

कोलकात्यात येऊन मला तेव्हा चार वर्षे झाली होती. परमुलखात बदली झालेल्या माणसाला दोन भुका लागतात. एक घरच्या अन्नाची. ती पत्नी बरोबर असेल तर भागते. दुसरी भाषेची. कचेरीत इंग्रजी, बाजारात मोडकीतोडकी बंगाली, शेजाऱ्यांशी हिंदी. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात कधी पाऊल पडले तर तेवढाच कानाला विसावा. २२ फेब्रुवारी २०२५ ला, चौथ्या शनिवारी, सकाळी दहाच्या सुमारास फोन वाजला आणि पलीकडून स्वच्छ मराठीत कोणी म्हणाले, "नमस्कार साहेब, मुंबईहून बोलतोय," तेव्हा मला भीती नव्हे, आनंद झाला होता. हे मुद्दाम नमूद करतो. फासाला दाणे लावतात, तसे माझ्या फासाला मराठी लावलेली होती.

पत्नी गडियाहाटला बाजाराला गेली होती. घरी मी एकटा. पुढचे सारे अर्ध्या तासात घडले. माझ्या नावाने मुंबईत कोणी खाते उघडले आहे, त्यातून काळा पैसा फिरला आहे, गुन्हा नोंदवला गेला आहे, आता साहेब स्वतः बोलतील. मग चित्रफोन. पडद्यावर खाकी गणवेश, मागे भिंतीवर बोधचिन्ह, टेबलावर फायलींचा ढीग. मोबाइलवर एक वॉरंट आले. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे नाव आणि गोल शिक्का. "तुम्ही आता डिजिटल अरेस्टमध्ये आहात. कॅमेऱ्यासमोरून उठायचे नाही. तपास गोपनीय आहे; कोणाला सांगू नका, बायकोलासुद्धा नाही."

त्या वॉरंटावर जावक क्रमांक नव्हता. सहीखाली हुद्दा नव्हता. माझ्या हाताखालच्या कारकुनाने असा मसुदा आणला असता, तर मी तो न वाचताच परत फिरवला असता. पण माणूस भ्याला की त्याचे शिक्षण आधी पळून जाते. उलट मला वाटते, आम्हां सरकारी माणसांना या सापळ्याचा धोका अधिकच असावा. कागदाचा दरारा आम्ही दुसऱ्यांवर इतकी वर्षे बसवलेला असतो, की तो आमच्यावर केव्हा बसला हे कळत नाही. कागद खरा आहे का, हे मी पाहिलेच नाही. मी एवढेच पाहिले की तो कागद आहे.

"खात्याच्या पडताळणीसाठी" म्हणून मी ९०,००० रुपये पाठवले. खरी मागणी पुढे होती: मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली अकरा लाखांची मुदतठेव मोडायची. तिची पावती शाखेतच नेऊन द्यावी लागणार होती आणि चौथ्या शनिवारी बँक बंद. तेव्हा सोमवारपर्यंत कॅमेऱ्यासमोर बसून राहण्याचा हुकूम झाला.

एकच्या सुमारास दारावरची घंटा वाजली. पत्नी परतली होती. फोनमधला आवाज म्हणाला, "दार उघडू नका." आणि मी उघडले नाही. घंटा पुन्हा वाजली. मग हाक आली, "अहो, दार उघडा ना! हातात पिशव्या आहेत." एक मिनिट, कदाचित दोन, मी आपल्याच घरात, आपल्याच पत्नीला दाराबाहेर उभी ठेवून, एका अनोळखी माणसाच्या परवानगीची वाट पाहत बसलो. त्या दोन मिनिटांपुढे ते ९०,००० रुपये मला आजही क्षुल्लक वाटतात. शेवटी फोन बंद करून उठलो ते काही धैर्याने नव्हे. पिशव्यांच्या ओझ्याने ती अवघडली असेल, एवढाच विचार मनात आला आणि पाय आपोआप दाराकडे वळले.

"कचेरीची मीटिंग होती," मी म्हणालो. सोमवारी पोलीस येतील म्हणून वाट पाहिली. मंगळवारी कळून चुकले की कोणी येणार नाही. भीती गेली आणि तिच्या जागी लाज येऊन बसली. नऊ दिवस मी गप्प राहिलो.

या शहराच्या जुन्या नकाशात एक खंदक आहे. १७४२ साली बंगालवर मराठ्यांच्या स्वाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा कोलकात्याच्या रहिवाशांनी घाबरून तो खणायला घेतला. 'मराठा डिच' हे त्याचे नाव. तीनेक मैल खणून झाला आणि काम थांबले, कारण मराठे त्या खंदकापर्यंत आलेच नाहीत. पुढे १७९९ च्या सुमारास तो बुजवून सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात एका गल्लीला अजून ते नाव आहे. शत्रू आला नाही. नुसते त्याचे नाव आले आणि एक शहर जमीन खणू लागले. पूर्वी त्या रस्त्याने जाताना मला या कथेचे हसू येई. आता येत नाही.

दहाव्या दिवशी आमच्या कार्यालयाचे काम पाहणारे एक वृद्ध बंगाली वकील जेवणाच्या सुट्टीत गप्पा मारत बसले होते. "माझ्या एका परिचिताची गोष्ट" म्हणून मी विषय काढला. तो परिचित कोण हे त्यांनी बहुधा ओळखले. पण त्या भल्या माणसाने तसे दाखवले नाही. ते म्हणाले, अटकेचा कायदा आपल्या देशाला शिकवण्यात या शहराचाही हात आहे. १९८६ च्या ऑगस्टमध्ये येथील लीगल एड सर्व्हिसेस या संस्थेचे डी. के. बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले, आणि १८ डिसेंबर १९९६ च्या निकालात अटकेचे नियम घालून दिले. अटक करणाऱ्याच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे. अटकेचा पंचनामा झाला पाहिजे, त्यावर घरच्या माणसाची किंवा मोहल्ल्यातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष पाहिजे. आणि अटक झालेल्याच्या आप्ताला किंवा मित्राला ते कळवले गेले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही या गोष्टी आहेत. माणूस आपण होऊन स्वाधीन झाला नाही, तर पोलिसाला त्याच्या अंगाला हात लावावा लागतो, हे त्याच संहितेचे ४३ वे कलम. न्यायालयाचे समन्स आता इलेक्ट्रॉनिक रूपानेही येऊ शकते. पण पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्येच बजावले होते. पडद्यातून अटक हा प्रकार कोणत्याच कायद्यात नाही.

मग ते जे बोलले ते मी विसरणार नाही. "कायदा आधी विचारतो, कोणाला कळवू? भामटा आधी सांगतो, कोणाला कळवू नका. एवढी एक खूण ध्यानात ठेवली तरी पुरे."

त्या संध्याकाळी मी पत्नीला सारे सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पैसे गेले त्याचं मला काही नाही. पण मी दाराबाहेर उभी होते तेव्हा तुम्ही ऐकत कोणाचं होता?" मला उत्तर देता आले नाही.

तिनेच १९३० हा केंद्र सरकारचा मदतक्रमांक फिरवला. तक्रार नोंदली गेली. पण पैसे तोवर खात्या-खात्यांतून पार निघून गेले होते. पहिल्या तासा-दोन तासांत फोन केला असता, तर वाटेतल्या एखाद्या बँकेत ते अडवता आले असते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी मर्यादित केली. पण माझा व्यवहार अनधिकृत कोठे होता? तो मी माझ्या हाताने केला होता. नऊ दिवसांचे मौन तर त्याहून अधिक माझे. भामट्याचा हुकूम त्याचा फोन बंद झाल्यावरही मी पाळत राहिलो होतो.

त्याच वर्षी जुलैमध्ये येथून पन्नासेक किलोमीटरवरच्या कल्याणीच्या न्यायालयाने अशाच एका प्रकरणात नऊ जणांना जन्मठेप दिली. 'डिजिटल अरेस्ट'च्या गुन्ह्यात देशात झालेल्या पहिल्या काही शिक्षांपैकी ती एक. नदिया जिल्ह्यातल्या एका निवृत्त गृहस्थाचे सुमारे एक कोटी रुपये गेले होते, आणि त्यांना दाखवलेला धाकही मुंबईच्या पोलिसांचाच होता. पुन्हा आमचेच नाव, पुन्हा बंगालला भय! ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आपल्याच नावाचे खोटे हुकूम दाखवून अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याला लुबाडल्याचे पाहून, स्वतःहून दखल घेतली. १ डिसेंबरला अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला. हे सारे चांगलेच झाले. पण कल्याणीचा खटला उभा राहिला तो एका वृद्धाने पोलीस ठाण्याची पायरी चढून "मी फसलो" असे म्हटले म्हणून. कायदा कितीही कडक असो, त्याच्या दारावरची घंटा आपल्यालाच वाजवावी लागते.

गेल्या गणेशोत्सवात येथील मराठी मंडळी एकत्र जमली असता मी ही हकीकत सगळ्यांपुढे सांगितली. काही हसले, काहींनी सहानुभूती दाखवली, एकदोघांनी उपदेश केला. कार्यक्रम संपून चपला शोधत असताना एक निवृत्त अधिकारी जवळ आले. आमची ओळख नमस्कारापुरती. इकडेतिकडे पाहून ते हलक्या आवाजात म्हणाले, "माझे सहा लाख. दोन वर्षं झाली. घरात कोणाला ठाऊक नाही."

मी त्यांचा हात धरला. पलीकडे त्यांच्या पत्नी प्रसादाचा द्रोण हातात घेऊन त्यांची वाट पाहत उभ्या होत्या.

"आज सांगा," मी म्हणालो.