एक सेक्टर जास्त

डिस्कनं कोणत्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं हे प्रमाणात लिहून ठेवलेलं असतं. ऑपरेटिंग सिस्टीममधला ड्रायव्हर त्या उत्तरावर विसंबून काम करतो. बाजारात येणारी प्रत्येक वस्तू हे लिहिलेलं पाळतेच असं मात्र नाही.

साधं उदाहरण घेऊ. यूएसबी डिस्कला ड्रायव्हर विचारतो, तुझ्यात जागा किती? प्रमाणानुसार डिस्कनं शेवटच्या सेक्टरचा क्रमांक सांगायचा. मोजणी शून्यापासून असते, म्हणून ड्रायव्हर त्यात एक मिळवतो. नेहमीच्या 500 जीबी डिस्कमध्ये 512 बाइटचे 976773168 सेक्टर असतात, म्हणजे उत्तर यायला हवं 976773167. काही डिस्कांची यूएसबी चिप मात्र एकूण संख्याच सांगून मोकळी होते. ड्रायव्हर इमानदारीनं एक मिळवतो आणि नसलेला एक सेक्टर हिशेबात येतो.

तो सेक्टर कुणी मागितला नाही तर काही बिघडत नाही. पण जीपीटी पद्धतीत विभागणीच्या तक्त्याची राखीव प्रत डिस्कच्या अगदी शेवटी असते, त्यामुळे सिस्टीम तिकडे डोकावतेच. शहाणी डिस्क अशा वेळी नकार कळवते. काही डिस्का तिथेच गप्प होतात.

दोन वर्षांपूर्वी आमच्या जमातीच्या सेक्रेटरींनी अशीच डिस्क माझ्याकडे आणली. तिच्यावर कब्रस्तानाच्या जुन्या नोंदवह्यांचे स्कॅन होते, आणि मूळ वह्या पावसात भिजून गेल्या होत्या. दुकानदारानं ‘डिस्क गेली’ असं सांगून टाकलं होतं. यूएसबीचा सॉकेट डिस्कच्या बोर्डावरच असल्यानं ती दुसऱ्या केसिंगमध्ये घालायची सोय नव्हती. माझ्या लिनक्स लॅपटॉपवरही ती अडकली, पण कर्नलच्या नोंदींत सेक्टरांची संख्या विषम दिसली आणि तक्रार नेमकी शेवटच्या सेक्टरची होती.

लिनक्सच्या यूएसबी स्टोरेज ड्रायव्हरमध्ये अशा विचित्र वस्तूंची यादीच आहे. उत्पादकाचा आणि वस्तूचा क्रमांक, आणि पुढे काय सांभाळून घ्यायचं ते. आपली वस्तू यादीत नसली तरी तिचे क्रमांक आणि ‘सी’ हे अक्षर ड्रायव्हरला बाहेरून देता येतं. अर्थ असा की, हिनं सांगितलेल्या जागेतून एक सेक्टर वजा कर. तसं केलं आणि डिस्क उघडली. आधी सगळ्याची प्रत काढली. मग सेक्रेटरींनी आपल्या आईचं नाव शोधलं आणि कबर कितव्या ओळीत आहे ते कागदावर उतरवून घेतलं.

ही भानगड फक्त स्वस्त मालाची नाही. एनव्हीएमई प्रमाणात डिस्कला द्यायचा प्रत्येक हुकूम 64 बाइटचा असतो. अॅपलच्या 2018 नंतरच्या टी2 चिपच्या मॅकमध्ये त्यासाठी 128 बाइटची जागा लागते. लिनक्सनं 2019 साली, 5.4 आवृत्तीत, त्याची खास सोय केली.

अशा सवलतींनी कारखाने सोकावतात, असा एक आक्षेप आहे, आणि तो खोटा नाही. पण ड्रायव्हर अडून बसला तर कारखान्याचं काही जात नाही. ज्याच्या वह्या आत अडकल्यात त्याचं जातं.

फक्त सवलत नावानिशी असावी. हीच वजाबाकी सरसकट लावली तर नीट वागणाऱ्या डिस्कचा खरा शेवटचा सेक्टर कापला जाईल, राखीव प्रत असते तोच. संख्या विषम असेल तरच एक वजा करायचा, असाही पर्याय ड्रायव्हरमध्ये आहे, पण तो अंदाज आहे आणि सगळ्यांना लागू केलेला नाही. म्हणून ती यादी मला पटते. नियम सर्वांसाठी तसाच राहतो, आणि चुकणाऱ्या वस्तूच्या नावापुढे तिचं बोलणं कसं समजून घ्यायचं ते लिहिलेलं असतं.