केडगाव, मुक्काम मुक्ती

पुण्याहून दौंडकडे जाणारी सकाळची गाडी हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी अशी सगळी स्टेशनं घेत जाते. नोकरदार उलट दिशेनं पुण्याला निघालेले, त्यामुळे आमच्या डब्यात गर्दी बेताची. यवत मागं पडलं की दोन्ही बाजूंना ऊस लागतो, मधूनच एखाद्या गुऱ्हाळाचं धुराडं दिसतं, आणि उघड्या खिडकीतून काकवीचा गरम वास आत येतो. खुटबाव गेलं की पुढचं केडगाव.

याच लोहमार्गानं माझी पणजी इथं आली, असं आमच्या घरात सांगतात. १८९६ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. तिथल्या उपाशी विधवा आणि अनाथ मुली त्यांनी शेकड्यांनी आणल्या. केडगावची जमीन त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती, फळबागेच्या उत्पन्नावर पुण्यातलं त्यांचं विधवांसाठीचं शारदा सदन चालावं म्हणून. त्या माळावर आता माणसांचीच वस्ती झाली, ती मुक्ती. पणजी तेव्हा किती वर्षांची होती, कोणत्या गावची, आईबाप कोण, यातलं काहीही आमच्यापर्यंत पोचलेलं नाही. आमचं घराणं सुरू होतं तेच केडगावपासून.

मला मात्र ख्रिस्ती विश्वास आयता मिळाला. लहानपणी बाप्तिस्मा, रविवारची शाळा, उपासना संगीतातली गाणी तोंडपाठ. तरी पन्नाशीपर्यंत एक प्रश्न पाठ सोडत नव्हता. नवी ओळख झाली, धर्म कळला, की समोरचा माणूस क्षणभर थांबतो आणि विचारतो, "हो, पण मूळचे कोण तुम्ही?" त्याला माझी जात हवी असते. ती मला ठाऊक नाही, आणि ते खरं सांगितलं तरी त्याला पटत नाही. माणसाला 'मूळ' म्हणून जे लागतं ते आपल्यापाशी आहे का, हे एकदा पणजीच्या जागेवर उभं राहून पाहावं म्हणून मी आले होते.

स्टेशनपासून मुक्ती मिशन जवळच. येणार असल्याचं आधी कळवलं होतं. फाटकातल्या बाईंनी "जय ख्रिस्त" म्हणून आत घेतलं. झाडं जुनी आणि दाट आहेत. देऊळ दगडी, भलं प्रशस्त. आत पाऊल टाकल्याबरोबर आपण किती बुटके आहोत ते कळतं. रमाबाईंच्या काळात मुली इथं जमिनीवर मांडी घालून बसत, मराठीत गात, मराठीत प्रार्थना करत. मीही भिंतीशी फरशीवर बसले.

तिथं बसल्यावर आठवत राहिलं ते वाँटेज. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली जिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं, जिच्या मुखी भागवताचे हजारो श्लोक, तिनं १८८३ साली इंग्लंडमधल्या त्या गावी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात गहजब झाला, तो आपण शाळेपासून ऐकत आलो. त्यानंतर तिकडे जे झालं ते मात्र फारसं कुणी सांगत नाही. ज्या जोगिणींनी आसरा दिला, शिकवलं, त्यांच्याशीच ही बाई पत्रांतून कडाकडा वाद घालत होती. अंडं घातलेलं पक्वान्न खाणार नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशासाठी, आमची संस्कृत काय वाईट आहे? शिकवलेली तत्त्वं माझ्या विवेकाला पटल्याखेरीज मानणार नाही. वय पंचविशीचं, नवरा गेलेला, कडेवर लेक मनोरमा, परका देश, आणि पोटाला अन्न याच लोकांचं. तरीही त्या वाकल्या नाहीत. ख्रिस्ताला जीव द्यायचा, पण त्यासाठी आपलं ताट, आपली भाषा आणि आपली बुद्धी कुणाच्या स्वाधीन करायची नाही, हे त्यांनी एकटीनं ठरवलं. मराठी ख्रिस्ती म्हणून आज मी ताठ उभी राहते, ती त्या वादांच्या जिवावर.

१९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी लिहिलंय की ख्रिस्ती धर्म आपल्याला आधी सापडला आणि ख्रिस्त त्यानंतर कित्येक वर्षांनी. जन्मानं ख्रिस्ती असलेल्या प्रत्येकानं हे वाचावं असं मला मनापासून वाटतं. धर्म मला पणजीकडून मिळाला. दुसरा शोध ती मला करून देऊ शकत नव्हती. वडील गेल्यावर, रात्रीच्या एकट्या प्रार्थनेत, तो मला थोडा थोडा लागू लागला. तेव्हापासून अर्जातले धर्म-जातीचे रकाने भरताना हात अडखळत नाही.

पुढं छापखान्याविषयी ऐकलं. रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत सबंध पवित्र शास्त्र आणायला बसल्या. खिळे जुळवायला, छापायला, बांधणीला मुक्तीतल्याच मुली. ज्यांना अक्षर माहीत नव्हतं त्यांनी बायबल छापलं! १९२१ साली मनोरमा गेली, पुढच्या वर्षी ५ एप्रिलला रमाबाई गेल्या. संपूर्ण ग्रंथ त्यानंतर बाहेर आला.

वृद्ध बायका राहतात तिथल्या ओट्यावर एक आजी लसूण सोलत बसल्या होत्या. मी शेजारी टेकले, चार पाकळ्या हातात घेतल्या. पणजी इथली, एवढंच सांगितलं.

"कुठल्या सदनात होती?" त्यांनी लगेच विचारलं, एखाद्या गावातली आळी विचारावी तसं.

"ते नाही ठाऊक, आजी."

"बरं, नसू दे. मलाबी माझं गाव ठाऊक नाही. टोपलीएवढी होते, आणून सोडली." मग हातातला लसूण खाली ठेवून माझ्याकडं नीट पाहिलं. "रमाबाईंची पणती म्हणजे माझ्या घरचीच की. जेवल्याबिगर जायचं नाही."

दुपारची गाडी मी सोडली.