उलटे गहाण

आमच्या घरी 'गहाण' हा शब्द दिवेलागणीला कुणी उच्चारीत नसे. आजोबांचा मळा त्या शब्दापायीच गेला होता. त्यामुळे २०२३ साली आईचे दिवस आटोपल्यावर बँकेचे पत्र आले आणि अण्णांनी स्वकष्टाने बांधलेले मिरजेचे घर २०११ पासून गहाण असल्याचे कळले, तेव्हा आम्ही तिघे भावंडे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

बँकेतल्या साहेबांनी नीट समजावून सांगितले. २००७ च्या अर्थसंकल्पात ही योजना निघाली. साठी उलटलेल्यांनी राहते घर तारण ठेवायचे. बँक त्यांना दरमहा पैसे देते आणि ती हयात असेतो घर विकीत नाही. नवराबायकोंतले मागे राहिलेले माणूस गेले, की आधी वारसांना विचारतात : मुद्दल-व्याज भरून घर सोडवता, की आम्ही विकू? विकून उरेल ते वारसांचे. कमी पडले तरी वारसांच्या खिशाला हात नाही.

दरमहा ७,००० प्रमाणे १२ वर्षांत दहा लाख आठ हजार घरात आले होते. व्याज धरून आता सुमारे वीस लाख भरायचे होते.

"विकून टाकू," दादा म्हणाला. मी शाळामास्तर, मला तरी दुसरे काय सुचणार?

त्या रात्री माळ्यावर अण्णांची हिशेबाची वही सापडली. दूध, वाणी, औषधे. दर दिवाळीच्या पानावर 'ताईस साडी', 'नातवंडांस फटाके'. पैसे पाठवू का म्हटले की अण्णा म्हणत, "आमचे भागते रे!" भागत होते ते असे. एका पानावर होते : 'चिरंजीवांची कादंबरी, प्रती २५'. मिरजेत पंचवीस प्रती खपल्याचे कळले, तेव्हा मी पेढे वाटले होते! कोपऱ्यात चोवीस प्रतींचा गठ्ठा दोरीने बांधलेला होता. एक तेवढी सुटी. पाने हाताळून मऊ झालेली.

वही मी दादापुढे ठेवली. त्याने बराच वेळ चष्मा पुसला. विकण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

तिघांनी मिळून पैसे उभे केले. मी पतपेढीचे कर्ज काढले. यंदाची दिवाळी मिरजेलाच आहे.

"घर सोडवलेत खरे, पण माझ्या साडीचे काय?" ताई विचारीत होती.

साडी आणली आहे. अण्णांच्याच वहीत, पुढच्या कोऱ्या पानावर, मी ती मांडूनही ठेवली आहे.