दुर्गयात्रीचा रफार

सुट्टीत बेहालाला जातो असं सांगितलं की डॉर्मिटरीत दर वेळी एकच विनोद होतो, "बेहाल होऊन येऊ नकोस." यंदाच्या मे महिन्यात तो विनोद खरा झाला. दहावीच्या एकोणचाळीस जणांकडे जो निळ्या कापडाचा, पिवळ्या अक्षरांचा बिल्ला आहे, त्याची ही हकीकत. प्रत्येकाच्या बिल्ल्यावरचा रफार थोडा वेगळा का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. तेव्हा मी "डिझाइनच तसं आहे" असं म्हणालो होतो. ते खोटं होतं.

जानेवारीत आम्ही चाळीस कॅडेट राजगड ते तोरणा चाललो. म्हणजे एकोणचाळीस जण चालले. मी राजगडापर्यंत गेलो. सुवेळा माचीवरचं नेढं बघितलं, त्याच्याखाली फोटो काढला आणि परत येताना सपाट जागेवर पाय मुरगळला. सपाट जागेवर! सकाळपर्यंत घोटा नारळाएवढा झाला. बाकीचे संजीवनी माचीवरून तोरण्याच्या बुधला माचीकडे निघाले आणि मला दोन गाववाल्यांच्या आधाराने गुंजवण्याला उतरवलं. संध्याकाळी वेल्ह्याला सगळे भेटले. ते रस्त्यातल्या उभ्या चढाबद्दल बोलत होते आणि मी जीपमध्ये बसून ऐकत होतो.

तिथेच ठरलं की या ट्रेकचा बिल्ला करायचा. तो करण्याचं काम मीच मागून घेतलं. का, ते तेव्हा मला नीट कळलं नव्हतं. आता थोडं कळतं.

बाबांची नोकरी तारातळ्याच्या बाजूला असल्यामुळे आम्ही बेहालात राहतो. पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेसने हावडा आणि तिथून पुढे घर. डायमंड हार्बर रोडवरून आता मेट्रो जाते. ठाकूरपुकुर, सखेरबाजार, बेहाला चौरस्ता, बेहाला बाजार अशी ओळीने स्टेशनं. बेहालात 'दादा' म्हटलं की एकच माणूस, सौरव गांगुली, आणि त्याचं घर कुठे आहे हे पाहुण्याला दाखवल्याशिवाय कोणी सोडत नाही. बाजारामागच्या एका गल्लीत कापडी बिल्ले, शाळांचे मोनोग्राम, क्लबांची नावं मशीनवर भरून देणारा एक कारखाना आहे. कारखाना म्हणजे दोन खोल्या. आत बारा डोक्यांचं मशीन, म्हणजे एकच चित्र एका वेळी बारा ठिकाणी भरलं जातं.

मी माझं चित्र घेऊन गेलो. त्यात राजगड होता, तोरणा होता, दोन तलवारी, एक वाघ, शाळेचं चिन्ह, चाळीस जणांची आडनावं कडेने गोल आणि वर पंख असलेला खंजीर. खंजिराची मागणी माझ्या शेजारच्या बेडवाल्याची. मालकांनी चित्र हातात धरलं, लांब नेलं, जवळ आणलं आणि विचारलं, "किती मोठा पाहिजे?" मी म्हटलं, तीन इंच. ते हसले. म्हणाले, "तीन इंचात एवढं सगळं? खिचडी होणार."

मग त्यांनी मला संगणकासमोर बसवून दाखवलं. मला वाटायचं, चित्र दिलं की मशीन ते छापल्यासारखं भरतं. तसं नसतं. एक माणूस बसून प्रत्येक टाका आखतो. सुई कुठून सुरू होणार, कुठल्या दिशेने जाणार, दोरा कुठे तुटणार, सगळं. याला ते डिजिटायझिंग म्हणतात. बारीक रेघ असेल तर आडवे चमकदार टाके, मोठी जागा असेल तर भराव. टाके कापडाला आत ओढतात, म्हणून गोल हवा असेल तर आधी थोडा लांबट आखावा लागतो. एक मिलिमीटरपेक्षा बारीक काही असेल तर सुई एकाच जागी घुसत राहते आणि दोरा तुटतो. पैसेही चित्राकडे बघून ठरत नाहीत, टाके मोजून ठरतात. माझं चित्र शेवटी साधारण नऊ हजार टाक्यांचं झालं. मशीन मिनिटाला साडेसातशेच्या आसपास टाके घालतं, म्हणजे बारा बिल्ल्यांचा एक घाणा बारा मिनिटांत.

खंजीर ठेवावा की काढावा, यासाठी मी उस्तादांना फोन केला. (पालकांसाठी सांगतो, शाळेत ड्रिल शिकवणाऱ्यांना आम्ही उस्ताद म्हणतो. आमचे उस्ताद मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ट्रेकला तेच सगळ्यात पुढे होते.) त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आरं, तो स्पेशल फोर्सेसचा हाय. तुमी पॅरा हाय का? न्हाई ना? जे कमावलं न्हाई ते अंगावर लावायचं न्हाई." मग त्यांनी २०१९ च्या वर्ल्ड कपची आठवण दिली. धोनीच्या ग्लोव्हजवर बलिदानचं चिन्ह होतं आणि आयसीसीने ते वापरायला परवानगी दिली नाही. धोनी तर टेरिटोरियल आर्मीच्या पॅराशूट बटालियनचा मानद लेफ्टनंट कर्नल. आयसीसीचं कारण वेगळं होतं, त्यांच्या पोशाखाच्या नियमांचं. पण उस्तादांचं म्हणणं असं की चिन्ह लावण्याआधी दहादा विचार करायचा. ते स्वतः काही वर्षं सिक्कीममध्ये १७ माउंटन डिव्हिजनमध्ये होते. तिचं चिन्ह काळं मांजर. खांद्यावरचं मांजर उतरवून ठेवताना घशाशी आलं होतं, असं ते एकदा म्हणाले होते.

फोन ठेवल्यावर मी खंजीर खोडला. 'जे कमावलं नाही' हे वाक्य मात्र डोक्यात तसंच राहिलं. तोरणा मी कुठे कमावला होता?

नावंही काढली. बाबांनी अपोलो ११ च्या बिल्ल्याचं चित्र दाखवलं. १९६९ साली चंद्रावर गेलेल्यांनी त्यावर स्वतःची नावं घातलीच नाहीत. फक्त गरुड, त्याच्या पंजात ऑलिव्हची फांदी, खाली चंद्र आणि दूर पृथ्वी. चंद्रावर जाऊन जर नाव लागत नसेल, तर वेल्ह्याला जाऊन काय लावायचं? शेवटी उरलं ते असं: गडद निळं कापड, त्यावर डोंगराची एक कड, कडेत नेढं, वर 'दुर्गयात्री', खाली 'राजगड तोरणा २०२५'. नेढं म्हणजे सुईचं भोक. हे मालकांना हिंदीत सांगितलं तेव्हा ते फार खूश झाले आणि टेबलामागून आतल्या सगळ्यांना ओरडून सांगितलं. किल्ले कोणाचे, असं एका कारागिराने विचारलं. मराठ्यांचे म्हटल्यावर तो म्हणाला, "अच्छा, बर्गी!" १७४२ मध्ये मराठ्यांच्या भीतीने कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला होता. त्या भीतीच्या गोष्टी इथल्या आज्या अजून सांगतात. गंमत अशी की त्याच शहरातल्या फोर्ट विल्यमला सैन्याने आता विजयदुर्ग हे नाव दिलं आहे, आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या किल्ल्याचं.

चाळीस जणांचे शंभर-शंभर रुपये माझ्याकडे होते. पन्नासपेक्षा कमी बिल्ले ते करत नव्हते. ऐंशी रुपयांप्रमाणे पन्नासचे चार हजार बरोबर झाले. "होये जाबे," मालक म्हणाले. होऊन जाईल.

२४ मेच्या रात्री त्यांनी नमुन्याचा फोटो पाठवला. बाबा म्हणाले, "उद्या जाऊन हातात घेऊन बघ. दहा मिनिटांवर तर आहे." मी मॅच बघत होतो. फोटो मोठा केला, नेढं नीट उघडं आहे ना एवढंच बघितलं आणि 'ओके' लिहून पाठवलं.

२ जूनला पुडकं आलं. आईने पहिला बिल्ला उचलला, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं, "दुगयात्री."

मी म्हटलं, नाही, दुर्ग आहे. तिने बिल्ला माझ्या हातात दिला. रफार नव्हता. पन्नासांपैकी एकावरही नव्हता. माझ्या चित्रात अक्षरं सहा मिलिमीटर उंच होती आणि वरचा रफार एक मिलिमीटरहून बारीक. टाके आखताना तो कचरा समजून काढला गेला होता. आई म्हणाली, "दुर्गापूजेच्या गावात दुर्गातला रफार हरवला!" बंगालीतही दुर्गाला रफार असतोच. तिला हसू येत होतं, मला नाही.

मी तावातावाने कारखान्यात गेलो. मालकांनी काही न बोलता फोन काढून माझं 'ओके' दाखवलं. नव्याने करायचे तर आणखी चार हजार. घरी येऊन बाबांकडे मागितले. ते रागावले नाहीत, तेच जास्त वाईट होतं. म्हणाले, "ओके कोणी लिहिलं?" आणि वर्तमानपत्र वाचायला लागले. मी गप्प राहून तसेच वाटून टाकायचाही विचार केला. मुलांच्या लक्षात आलंही नसतं कदाचित. पण २० जूनला उस्ताद शाळा सोडून गावी जाणार होते आणि पहिला बिल्ला त्यांना द्यायचा होता. ज्या माणसाला वीस पावलांवरून माझ्या बुटाची न बांधलेली नाडी दिसते, त्याला हे दिसलं नसतं?

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, या वेळी हळू आवाजात. आतल्या खोलीत एक म्हातारे कारागीर जमिनीवर बसून लाकडी चौकटीवर ताणलेल्या मखमलीवर जरीचं काम करतात. चौकटीला ते अड्डा म्हणतात आणि आकड्याच्या सुईला आरी. ते मटियाबुर्जहून येतात. १८५६ मध्ये अवधचं राज्य गेल्यावर नवाब वाजिद अली शाह तिथे येऊन राहिले, त्यांच्याबरोबर शिंपी आले, आचारी आले. (कोलकात्याच्या बिर्याणीत बटाटा असतो तोही तिकडूनच आला म्हणतात.) या म्हाताऱ्यांनाही सगळे उस्तादच म्हणतात. त्यांनी बिल्ला उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, "काय कमी आहे?" मी कागदावर रफार काढून दाखवला. "एवढंच?" ते म्हणाले. "एवढ्यासाठी मशीन कशाला? हात आहेत ना?"

त्यांनी साधी सुई घेतली. एक वाकडा टाका सैल सोडला, मग त्याला मध्ये एक बारीक टाका घालून धरून ठेवला. त्यावरून परत एकदा. अर्ध्या मिनिटात रफार. मग सुई माझ्या हातात दिली. सुई-दोरा मला नवा नव्हता, शाळेत बटणं आपणच लावतो. पण हा दोरा रेशमासारखा निसटतो, गाठ टिकत नाही. बिल्ल्यामागे चिकटवलेलं कडक कापड असतं, त्यातून सुई आरपार काढताना अंगठ्यात घुसते. पहिला रफार मात्रेसारखा दिसला, दुसरा माशी बसल्यासारखा. तिसऱ्यावर रक्ताचा ठिपका पडला. निळ्या कापडावर तो दिसत नाही, कोणाकडे आहे ते मी सांगणार नाही. निघताना त्यांनी पिवळ्या दोऱ्याची अर्धी रीळ दिली आणि पैसे घेतले नाहीत.

आठ संध्याकाळी लागल्या. आई सुया ओवून ठेवायची, पण टाका घालायला बाबांनी तिला मनाई केली होती. विसाव्यानंतर हात बसला. ज्यांचा रफार सुबक आहे त्यांनी समजावं की आपला बिल्ला विसाव्यानंतरचा. वाकडा असेल तर तुम्ही आधीचे.

एकोणपन्नास झाले. पन्नासावा हातात घेतला तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते. सुईत दोरा होता. तो मी काढून ठेवला आणि बिल्ला तसाच बॅगेत टाकला.

१९ जूनच्या संध्याकाळी परेड ग्राउंडवर उस्तादांना पहिला बिल्ला दिला. त्यांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला, रफारापाशी थांबले. "हे हातानं केलंय." मी सगळं सांगितलं, मॅचसकट. ते एवढंच म्हणाले, "नमुना हातात घेऊन बघायचा असतो." मग विचारलं, "तुझा कुठाय?"

मी खिशातून काढून दाखवला. त्यांनी वाचला. दुगयात्री. बराच वेळ त्यांच्या हातात होता. मला वाटलं, आता सुई मागतात की काय.

"डिसेंबरात पुन्हा जाणार हाय तुमची बॅच?"

"हो उस्ताद."

"मंग घोटा नीट बांधून जा. बुधल्यावर पोचलास की मला फोन कर."

बुधल्यावर रेंज येते का, ते विचारायचं राहून गेलं. जे चालून आले त्यांच्यापैकी कोणाला माहीत असेल तर मला सांगा. सुई आणि पिवळा दोरा मी बरोबर नेणार आहे.