घाटाखालचं गाव, पायी पायी

युरोप फिरून आलेल्या मित्राचे दोनशे फोटो बघायची शिक्षा तुम्हीही कधी ना कधी भोगली असेलच. आमच्या ऑफिसातल्या एकाने परवा स्पेनचं टोलेडो दाखवलं. दगडी गल्ल्या, भलंमोठं कॅथीड्रल, ताहो नदीवरचा जुना पूल. वर ऐकवलं, ‘एका दिवसात सगळं पायी केलं, बॉस!’ हा तोच माणूस, जो शेअर रिक्षा मिळाली नाही तर हाफ डे टाकतो. परदेशात गेलं की आपल्याला पाय फुटतात, हे मात्र खरं.

आता सांगा, खोपोली तुम्ही कधी पायी बघितलीय? मुंबई-पुणे करणाऱ्यांसाठी खोपोली म्हणजे फूड मॉल मागे पडला, आता घाट लागणार, एवढंच. माझ्यासाठी ते बाबांचं गाव. तिथल्या एका कारखान्यात त्यांनी नोकरी केली, रिटायर झाले आणि आई गेल्यापासून एकटेच राहतात. ठाण्याला या, लिफ्ट आहे, हॉस्पिटल समोरच आहे, हे माझं पालुपद. डिसेंबरातल्या एका रविवारी तेच पुन्हा ऐकवायला निघालो.

कर्जतला गाडी बदलली, दिवाडकरांचा वडा हाणला आणि खोपोलीची शटल पकडली. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी... पंधरा किलोमीटरची ही छोटीशी लाइन एके काळी मेन लाइन होती! १८५८मध्ये खंडाळा-पुणे रेल्वे सुरू झाली, पण मधल्या घाटात रूळच नव्हते. मग लोक खोपोलीला उतरून पालखीत, तट्टावर नाहीतर बैलगाडीत बसून घाट चढायचे आणि वर दुसरी गाडी धरायचे. बोरघाटाचं कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९मध्ये वारला. त्याची बायको अॅलिस हिने काम पुढे नेलं. १८६३मध्ये घाटातली रेल्वे सुरू झाली आणि खोपोलीचा फाटा झाला.

बाबा चपला घालून दारातच उभे होते. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, ‘आधी माझ्याबरोबर गाव फीर. मग काय ते बोल.’

पहिला स्टॉप वीरेश्वराचं देऊळ आणि त्यालगतचं तळं. दोन्ही नाना फडणवीसांनी बांधलेली. घाट उतरून आलेल्या वाटसरूला इथे पाणी आणि सावली मिळायची. आता पायऱ्यांवर कॉलेजची पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. बाबांना मात्र दर पाच पावलांवर कुणीतरी थांबवत होतं. ‘मुलगा का?’ ‘गुडघा कसा आहे?’ आमच्या सोसायटीत चार वर्षांत मला एवढ्या लोकांनी हाक मारलेली नाही.

तिथून पॉवर हाऊसच्या बाजूला. डोंगरावरून सरळ खाली आलेले ते जाडजूड पाइप लांबूनच दिसतात. टाटांनी लोणावळ्याच्या बाजूला धरणं बांधून पाणी अडवलं, ते पाचशे मीटरहून जास्त खाली सोडलं आणि १९१५पासून इथली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. टर्बाइन फिरवून झालेलं हेच पाणी पुढे पाताळगंगेत जातं, म्हणून ही नदी उन्हाळ्यातही वाहते. ‘पाणी खाली पडणार इथे, दिवा लागणार मुंबईत,’ बाबा हसून म्हणाले. ‘सगळंच तिकडे जातं. पोरंसुद्धा.’ मी पाइपांचा फोटो काढण्यात गुंतलो.

जेवून रिक्षा केली आणि पालीच्या रस्त्याने चावणीला गेलो. शेवटचा टप्पा पुन्हा पायी. हीच उंबरखिंड. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी शायिस्ताखानाचा सरदार कारतलबखान इथेच अडवला. खान कोकणात उतरत होता. अरुंद वाट, दाट जंगल. आत शिरायचं तोंड बंद, बाहेर पडायचंही बंद. मराठे थोडे होते आणि फौज खानाकडे मोठी होती. शेवटी सोबत असलेल्या रायबाघनने त्याला शरण जायचा सल्ला दिला. खंडणी देऊन, सामानसुमान तिथेच टाकून खान परत गेला.

आंबा नदीच्या काठावरच्या स्मारकापाशी बाबा बराच वेळ बसून राहिले. दम लागला असेल म्हणून मी पाण्याची बाटली पुढे केली. एक घोट घेऊन म्हणाले, ‘खानाकडे काय नव्हतं रे? पण जागा त्याची नव्हती.’

यापुढे लिफ्टचा मुद्दा कसा काढणार? परतताना आमचं ठरलं ते असं: एक किल्ली शेजारच्या काकूंकडे, बाबांचा रोज रात्री नऊला फोन आणि महिन्याचा पहिला रविवार माझा. गुडघा अगदीच संपावर गेला, तर ठाण्याचा विषय ते स्वतः काढतील. शब्द दिलाय त्यांनी.

तुम्हीही जाऊन या. थंडीत जा, शूज घाला. तळं आणि पॉवर हाऊसचा परिसर सकाळी, उंबरखिंड दुपारनंतर. शटल कमी आहेत, तेव्हा परतीची वेळ आधी बघून ठेवा. आणि गावात कुणी ‘कोणाकडे आलात?’ असं विचारलं तर बिचकू नका. दोन मिनिटं थांबा, बोला.